भाऊजींच्या नावाचं रक्त

पहिल्या वर्षी मी रक्त दिलं ते भिडेखातर. पुढची तीन वर्षं दिलं ते भाऊजी मरावेत म्हणून. हे असं उघड लिहिणं बरं दिसत नाही, पण दुसऱ्या कुठल्या शब्दांत लिहावं ते मला सुचलेलं नाही, आणि गुळमुळीत लिहिलं तर पुढचं काहीच खरं वाटणार नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमचा चष्म्याच्या काचा घासून देण्याचा छोटा कारखाना होता. गावातली दुकानं गिऱ्हाइकाचे डोळे तपासून नंबर पाठवायची, आम्ही त्या नंबराची काच घासून, फ्रेममध्ये बसवून परत द्यायचो. सुरुवातीला तो निम्मा माझा होता. मी काच घासायच्या चाकावर बसायचो, भाऊजी दुकानं धरायचे. त्यांना बोलता येत होतं आणि मला येत नव्हतं, म्हणून ही वाटणी दोघांनाही योग्य वाटली. फक्त काच घासताना उडणारी पांढरी भुकटी माझ्या वाट्याला आली आणि हॉटेलातली जेवणं त्यांच्या.

बारा वर्षं ती भुकटी नाकातोंडात गेल्यावर माझी छाती बिघडली. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी सात महिने इस्पितळात होतो. तिसऱ्या महिन्यात भाऊजी एक कागद घेऊन आले. माझा निम्मा हिस्सा ते विकत घेणार होते. किंमत जवळपास इस्पितळाच्या बिलाएवढी लावली होती. त्यांनी पेनाचं टोपणसुद्धा स्वतःच काढून दिलं.

"तुझ्या खोकल्यावर धंदा चालत नाही, पंडित," ते म्हणाले. मी पुस्तकं वाचतो म्हणून ते मला पंडित म्हणतात. त्यात कौतुक नाही. "तब्येत हे माणसाचं पहिलं भांडवल. ते तूच उडवून बसलास. आता राहिलेल्याचं मला बघू दे."

ताई खिडकीशी बसून माझ्यासाठी सफरचंद सोलत होती. तिने मान वर केली नाही. मी सही केली.

बरा झाल्यावर मी त्याच चाकावर पगारी माणूस म्हणून परत बसलो. दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरीकडे जाऊन विचारण्याचं धाडस नव्हतं. पण इस्पितळातून बाहेर पडताना मनाशी एक गोष्ट ठरवली होती. हा माणूस मला रोगी म्हणून खोडून टाकतो काय. मी याच्यापेक्षा जास्त जगून दाखवीन. लोक भक्तीने देव धरतात तशी मी द्वेषाने तब्येत धरली.

चाकावर पाण्याची बारीक धार सोडायची नळी मी स्वतःच्या पैशाने बसवली. ओली भुकटी उडत नाही. तोंडाला पट्टी बांधली. इतर कामगार हसले, "पंडित दरोडा घालायला निघाले" म्हणाले. मी हसू दिलं. रोज पहाटे छातीचे व्यायाम केले, ठरल्या वेळी जेवलो, नऊ वाजता दिवा घालवला. दरवर्षी दात तपासले, डोळे तपासले, रक्त तपासलं. जे खाऊन दुसऱ्या दिवशी जड वाटतं ते परत खाल्लं नाही. प्रत्येक घास भाऊजींना वेडावून दाखवल्यासारखा चावत होतो म्हणा ना.

त्यातून एक अशी गोष्ट झाली की जिची मी आशा धरली नव्हती. माझ्यापाशी पैसा साठला. पगार बेताचाच होता, पण तो गळत नव्हता. बरोबरीची माणसं वीस दिवस राबायची आणि पाच दिवस कुठेतरी दुखतंय म्हणून घरी पडायची. वर्षभर जमवलेलं एका ऑपरेशनात ओतून यायची. माझी पंधरा वर्षांत एक रजा आजारपणाची नाही. साठीला आलो तेव्हा दोन खोल्यांचं स्वतःचं घर होतं आणि बँकेत एवढं होतं की उद्या चाक सुटलं तरी कुणापुढे हात पसरावा लागला नसता. ही माझी श्रीमंती. ती भाऊजींना दिसावी असं मला फार वाटायचं. त्यांच्या ती कधी लक्षातच आली नाही.

लक्षात आली ती माझी तब्येत, आणि तीही वेगळ्याच वेळी.

नवी यंत्रं घ्यायला त्यांनी कर्ज काढलं, आणि कर्जासाठी स्वतःच्या नावाचा मोठा विमा. विमा कंपनीची एक सवलत होती: दरवर्षी रक्त तपासायचं, रिपोर्ट चांगला आला तर पुढचा हप्ता कमी. रक्त घेणारी बाई सकाळी कारखान्यातच येणार होती. ती यायच्या दहा मिनिटं आधी भाऊजींनी मला आतल्या खोलीत बोलावलं.

"बाही वर कर."

"माझी? कशाला?"

"अरे, काल रात्री मी भरपूर जेवलोय. उगाच काहीतरी उलटसुलट येईल. तू गवतावर जगतोस, तुझं रक्त म्हणजे गाळलेलं पाणी. नाहीतरी तुला त्याचा काय उपयोग? पडूनच आहे."

मी नाही म्हणायला हवं होतं. बाई आली, तिने नाव विचारलं, मी दाराकडे बघितलं, भाऊजींनी मान हलवली आणि मी त्यांचं नाव सांगितलं. तिने ओळखपत्रावरचा फोटो पाहिलाही नाही. चष्मा, टक्कल, साठी; आमच्या वयात सगळे सारखेच दिसतात.

त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नाही. माझा हिस्सा घेतला, तो कागदावर तरी होता. आता माझी तब्येतही त्यांनी स्वतःच्या नावावर करून घेतली होती, आणि मी बाही वर करून दिली होती.

रिपोर्ट निर्मळ आला. "बघ, ठणठणीत आहे मी," असं ते मला डोळा मारून म्हणाले. तोवर ती चेष्टा होती. दुसऱ्या वर्षी डोळा मारणं बंद झालं. त्यांनी रिपोर्टांची निळी फाईल केली आणि जेवायला आलेल्या पाहुण्यांपुढे ती उघडू लागले. "या वयात साखर बघा. आहे का कुणाची अशी?" घरच्या डॉक्टरांनाही तीच फाईल दाखवली. डॉक्टरांनी त्यांचा दाब तपासला, फाईल चाळली आणि शाबासकी दिली. स्वतःच केलेली लबाडी माणूस इतकी विसरू शकतो, हे मी पुस्तकात वाचलं असतं तर लेखकाने ताणलंय असं म्हटलं असतं.

त्याआधीच, दुसऱ्यांदा रक्त द्यायला बरेच महिने असताना, एका सकाळी ते तणतणत चाकापाशी आले होते. सगळ्यांसमोर चष्मा माझ्यापुढे टाकला.

"पंडित, झोपेत घासलीस काय ही काच? समोरचा माणूस धुक्यात उभा असल्यासारखा दिसतो. गिऱ्हाइकाला अशी दिलीस तर माझं दुकान बसेल."

मी काच यंत्रावर लावून पाहिली. काच अचूक होती. त्यांना खुर्चीवर बसवून फळ्यावरची अक्षरं वाचायला लावली, एकेक काच बदलत गेलो. दोन महिन्यांत नंबर सव्वाने वाढला होता. साठीत असं होत नाही. मी नवी काच घासून दिली. अडीच महिन्यांनी ते पुन्हा आले. आता नवी काच चालेना, जुनीच बरी वाटत होती. मग पुन्हा नवी.

वाचनालयातून मी डोळ्यांवरचं एक जाड पुस्तक आणलं. फार शोधावं लागलं नाही. रक्तात साखर चढली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर वाढतो. उतरली की मागे येतो. ते परिच्छेद वाचताना मला भाऊजी दिसत होते: टेबलावरचा पाण्याचा मोठा जग, तासातासाला संडासाकडे जाणं, चहात तीन चमचे साखर. कारखान्यात सगळ्यांना ते दिसत होतं. पण ज्याच्या हाताखालून त्यांची प्रत्येक काच जायची असा एकटा मीच होतो.

मी पुस्तक मिटलं. खोलीत कुणी नव्हतं, तरी आपण हसतोय हे कळल्यावर मी तोंडावर हात धरला.

काही करायचं नव्हतं. हे त्या सुडाचं सौंदर्य होतं, आणि माझ्यासारख्या भित्र्या माणसाला दुसरा सूड जमलाही नसता. वर्षातून एकदा बाही वर करायची आणि गप्प बसायचं. त्या तीन वर्षांत मी स्वतःला जेवढं जपलं तेवढं आधी कधी जपलं नव्हतं. माझी साखर जितकी सरळ, तितका भाऊजींचा खड्डा खोल. रक्त घेणारी बाई तिसऱ्या वर्षी म्हणाली, "काका, तुमच्याकडून शिकायला पाहिजे." मी म्हटलं, "हो, जपावं लागतं."

ताईचा विचार मनात यायचा. आला की मी सफरचंद सोलणारे तिचे हात आठवायचो आणि तो विचार बाजूला सारायचो.

चौथ्या वर्षी चष्म्यांची चाळीस दुकानं असलेल्या एका कंपनीने कारखाना विकत मागितला. किंमत एवढी की भाऊजींनी ती मला दोनदा सांगितली. अट एकच: पुढची तीन वर्षं भाऊजींनीच तो चालवायचा, म्हणून त्यांची तब्येत ठीक असल्याचे कागद हवेत. निळी फाईल गेली. माझ्या चौथ्या बाटलीचा रिपोर्ट सगळ्यात वर होता. सह्या पंधरा दिवसांवर आल्या.

तेव्हा ताईचा फोन आला. "अरे, ह्यांना नवा बूट चावलाय. महिना झाला, जखम भरतच नाही. डॉक्टर म्हणतात साखर नाही, मग मलमाने बरं होईल. पण मला त्या पायाचा वास येतोय. तू जरा येऊन जा. तू वाचतोस ना असलं काहीतरी."

मी गेलो. खरं सांगतो, बघायला गेलो.

भाऊजी आरामखुर्चीत होते, पाय स्टुलावर. शेजारी केकचा अर्धा तुकडा. ताईने पट्टी सोडली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं, आणि काळा रंग पावलाच्या कडेने वर चढायला लागला होता. मला वाटलं होतं किळस येईल. आलं ते समाधान. जेवण झाल्यावर येतं तसं.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"काहीच नाही. तेच तर म्हणतोय हिला. दुखत नाही ते कसलं दुखणं?"

ताई म्हणाली, "मला काही हे लक्षण बरं दिसत नाही."

"तुला माझं काही बरं दिसतं का? ती फाईल आण. आण म्हणतो ना." फाईल त्यांनी माझ्या मांडीवर उघडली, माझ्याच रक्ताचे आकडे मला बोटाने दाखवले. "वाच, पंडित. मोठ्याने वाच. चार वर्षं, एक आकडा इकडचा तिकडे नाही. तुझी नळी, तुझी पट्टी, तुझं कोंबडीसारखं नऊला झोपणं. काय मिळालं तुला? दोन खोल्या. मी खाल्लं, प्यालो, धंदा वाढवला, आणि तब्येतही कमावली. ती अंगातच असावी लागते. तुला जळायला होत असेल, पण खरं ते खरं."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यात चेष्टा नव्हती. ते खरंच विसरले होते.

आणखी पंधरा दिवस मी गप्प राहिलो असतो तर बहुधा सगळं माझ्या मनासारखं झालं असतं. तीन वर्षं मी ती संधी सांभाळली होती. पण माझा हिस्सा नेणं मी सोसलं होतं, रक्त नेणं सोसलं होतं. वीस वर्षं पहाटे उठून जपलेली तब्येत त्यांनी कमावली असं माझ्याच तोंडून वाचून घेणं मला सोसलं नाही. दया त्यात नव्हती. नंतर लोक तसं म्हणाले, म्हणून सांगून ठेवतो.

"ते रक्त माझं आहे," मी म्हणालो.

"काय?" ताई म्हणाली.

"चारही रिपोर्ट माझे आहेत. भाऊजींचं रक्त आजवर कुणी तपासलेलंच नाही. त्यांना साखर आहे, ताई. खूप आहे. आत्ता, या मिनिटाला इस्पितळात न्यायला हवं."

भाऊजी हसले. मग त्यांचं हसू अर्ध्यातच थांबलं. आतली खोली, वर केलेली बाही, त्यांची हललेली मान, सगळं एकेक करून परत येताना मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. एवढ्यासाठी मी जगलो होतो. ते पुरेसं होतं. अगदी भरपूर होतं.

ताईने फाईल माझ्या मांडीवरून उचलली. तिचा आवाज चढला नाही.

"साखर आहे हे तुला कसं कळलं?"

"चष्म्याच्या नंबरावरून."

"कधी?"

मी कुठलंही उत्तर देऊ शकलो असतो. गेल्या महिन्यात म्हटलं असतं तरी तिने मानलं असतं. "तीन वर्षांपूर्वी," मी म्हणालो.

तिने मला मारलं नाही. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. तसं तिने माझ्याकडे त्या सफरचंदाच्या दिवशी बघायला हवं होतं. मग म्हणाली, "एक चोर आणि एक खुनी. आणि दोघांना चहा मी करून देते. ऊठ. त्यांचा एक खांदा तू धर."

इस्पितळात साखरेचा आकडा ऐकून डॉक्टरांनी तो पुन्हा तपासायला लावला. दोन बोटं गेली. पाय वाचला, आठवडाभर उशीर झाला असता तर घोट्यापासून काढावा लागला असता, असं डॉक्टर म्हणाले. विमा ताईनेच रद्द करायला लावला, कारण तो खोट्या रिपोर्टांवर चालला होता. चाळीस दुकानांची कंपनी दुसरीकडे गेली. जी रक्कम भाऊजींनी मला दोनदा ऐकवली होती ती हवेत विरली, आणि साठवलेलं इस्पितळात जायला लागलं.

सोळाव्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा ताई बाहेरच्या बाकावर होती.

"हिशेब करायचाय का तुला?" तिने विचारलं.

"मला माझा निम्मा हिस्सा हवाय."

मी इतक्या सरळ बोललो याचं मलाच आश्चर्य वाटलं. ताईला वाटलं नाही.

"त्या दिवशी मी बोलले नाही, ते माझं चुकलं. देईन. पण मेलेल्या माणसाच्या कारखान्याचा निम्मा हिस्सा घेऊन काय करशील? दुकानं त्यांच्या शब्दावर काम देतात. तू दुकानात गेलास तर पायपुसण्याशी बोलून परत येशील. ते उभे राहिले तरच कारखाना राहील. तेव्हा त्यांना उभं करायचं. काय खायचं, कधी झोपायचं, किती चालायचं, ते तुला येतं. तूच करायचं. एक वर्ष. वर्षाने त्यांचं स्वतःचं रक्त तपासू. रिपोर्ट बरा आला की कागद तुझ्या हातात."

"भाऊजी ऐकतील?"

"आता त्यांना कोण विचारतंय?"

म्हणजे ज्या शरीराच्या नाशावर मी डोळा ठेवून होतो, त्यातच आता माझी मालमत्ता अडकली. त्या रात्री मला झोप लागायला साडेनऊ वाजले.

तर आता चार महिने झाले आहेत. सकाळी सहाला मी त्यांच्या दारात उभा असतो. बोटांच्या जागी कापूस भरलेला बूट घालून भाऊजी बाहेर येतात. आदल्या दिवशी काय खाल्लं ते मी विचारतो. ते खोटं बोलतात. ताई आतून खरं सांगते. मी वहीत लिहून घेतो. मग तळ्याभोवती तीन फेऱ्या.

परवा दुसऱ्या फेरीत ते म्हणाले, "मला सगळं कळतंय, पंडित. तू माझा सूड घेतोयस."

"हो," मी म्हणालो. "डावा पाय सरळ टाका."

"माझी चूक झाली, असं म्हणालो तर?"

"म्हणा."

ते काही म्हणाले नाहीत. बरंच झालं, म्हणाले असते तर मला काय करावं ते कळलं नसतं. त्यांची साखर निम्म्यावर आली आहे. चष्म्याचा नंबर तीन महिने हललेला नाही. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर सहज पंधरा वर्षं काढतील. पंधरा वर्षं रोज सकाळी त्यांना माझा चेहरा पाहायचा आहे, माझ्या हातचं मोजकं खायचं आहे, आणि पाहुण्यांनी तब्येत छान दिसते म्हटलं की माझ्याकडे बोट दाखवायचं आहे. माझ्या आधीच्या बेतापेक्षा हा कितीतरी लांबचा आहे, आणि मला तो सुचलाही नव्हता.

आज तिसऱ्या फेरीला ते मागे पडले. लंगडत, धापा टाकत येत होते.

"जरा थांब," ते म्हणाले. "अरे, माणूस आहे मी."

मी वळून त्यांच्या ओठांचा रंग पाहिला, मनगट धरून नाडी मोजली. दोन्ही ठीक होतं. मनगट सोडलं आणि पुढे चालायला लागलो, त्याच चालीने.